अंगावरून वारं गेल्यानंतर: पक्षाघाताच्या पुनर्वसनाची पार्श्वभूमी

‘अंगावरून वारं गेलं’ असं आपल्याकडे आजही म्हणतात. चरकसंहितेनं पक्षाघात वातविकारांत घातला. लोकांच्या तोंडी त्या वाताचं वारं झालं. तेल चोळायचं, देवाला नवस बोलायचा आणि वाट पाहायची, एवढंच घरच्यांच्या हाती उरे. ग्रीकांकडेही फार आशा नव्हती. पक्षाघाताचा जोराचा झटका बरा करणं अशक्य, आणि सौम्य झटकाही सहज बरा होत नाही, असं प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या सूत्रांत आहे.

1658 मध्ये स्वित्झर्लंडच्या योहान याकोब वेप्फर यांनी झटक्यानं दगावलेल्यांची शवं तपासून मेंदूतला रक्तस्राव दाखवला. दुखणं हातापायात नसून डोक्यात आहे, हे कळलं. पण त्या ज्ञानानं रुग्णाचा हात काही हलेना. पुढे विसाव्या शतकात स्पेनचे थोर मज्जाशास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल यांनी लिहिलं की प्रौढ मेंदूतले मार्ग ठरून गेलेले असतात, तिथे नवं काही उगवत नाही. त्यांचा अधिकार इतका मोठा होता की पुढच्या कित्येक डॉक्टरांनी ते प्रमाण मानलं. वॉर्डात त्याचा अर्थ असा झाला: लुळ्या हाताला झोळी आणि चांगल्या हाताला शिकवणी. एका हातानं बटण लावायचं, काठी धरून चालायचं. अर्धं अंग सोडून दिलेलं.

ते सोडलेलं अंग पुन्हा हाती घेतलं फिजिओथेरपिस्ट बर्टा बोबाथ यांनी. नाझी राजवटीत बर्लिन सोडून त्या लंडनला आल्या होत्या. 1940 च्या दशकात एका चित्रकारावर उपचार करताना त्यांना दिसलं की आखडलेला हात नीट आधार देऊन विशिष्ट स्थितीत ठेवला, तर तो सैल पडतो. त्यांचे सगळेच सिद्धान्त पुढच्या संशोधनात टिकले नाहीत. तरीही फिजिओथेरपिस्टांची नजर लुळ्या बाजूकडे वळली ती मुख्यतः त्यांच्यामुळे, असं मला वाटतं.

साधारण त्याच सुमारास मुंबईत एक मोठं काम उभं राहत होतं. जन्मानं अमेरिकन, लग्नानं मराठी घरात आलेल्या कमला निंबकर यांनी 1950 मध्ये केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची भारतातली पहिली शाळा काढली. व्यायाम झाला की पुरे, असं ही विद्या मानत नाही. घास तोंडापर्यंत नेणं, अंघोळ, साडी नेसणं, पुन्हा कामावर जाणं, इथपर्यंत ती रुग्णाबरोबर चालते. 1955 मध्ये मुंबईतच पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था सुरू झाली. हाजी अलीजवळची ती इमारत अनेक घरांना ठाऊक आहे.

काहालच्या मताला तडा गेला त्याला एक घरगुती प्रसंगही कारण आहे. 1950 च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमधले अध्यापक पेद्रो बाख-इ-रिता यांना झटका आला. त्यांच्या जॉर्ज या मुलानं वडिलांना आधी चालायला न लावता रांगायला लावलं, भिंतीच्या आधारानं, लहान बाळासारखं. दुबळ्या हातानं गोट्या उचलायच्या, भांडी घासायची. पेद्रो पुन्हा शिकवू लागले. काही वर्षांनी डोंगर चढताना ते वारले, तेव्हा शवविच्छेदनात मेंदूची जुनी इजा मोठीच, न भरलेली दिसली. म्हणजे उरलेल्या मेंदूनं काम वाटून घेतलं होतं. पेद्रोंचा दुसरा मुलगा पॉल यानं मेंदूच्या या लवचीकपणाच्या अभ्यासाला आयुष्य दिलं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांनी माकडांवर प्रयोग करून आणखी एक गोष्ट दाखवली. हात चालत नाही म्हणून वापरला जात नाही, आणि मग न वापरण्याचीच सवय जडते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या माकडांच्या हालांवरून 1981 मध्ये मोठं वादळ उठलं, आणि तो आक्षेप खराच गंभीर होता. पण त्यातून आलेला उपाय माणसांच्या कामी आला: चांगल्या हातावर मोजा चढवून दुबळ्या हाताकडून दिवसाचे कित्येक तास काम करून घ्यायचं. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 222 रुग्णांच्या चाचणीत याचा फायदा दिसला. मात्र बोटं-मनगट थोडं तरी हलत असलं तरच हे जमतं.

म्हणून घाई करावी, असंही नाही. झटक्यानंतर 24 तासांच्या आत रुग्णाला उठवून पुन्हा पुन्हा हालचाल करवली, तर निकाल थोडे वाईटच येतात, असं 2015 च्या मोठ्या चाचणीत आढळलं. त्याआधी 1990 च्या दशकात आणखी एक गोष्ट सिद्ध झाली होती: डॉक्टर, परिचारिका, फिजिओ, वाचा-उपचारतज्ज्ञ एकत्र बसून एकाच वॉर्डात काम करतात, तिथे मृत्यू आणि परावलंबन दोन्ही कमी होतात.

भारतात असे वॉर्ड थोडे, म्हणून नातेवाइकांनाच शिकवून घरी व्यायाम करवता येईल का, हे 14 रुग्णालयांतल्या 1250 रुग्णांवर तपासलं गेलं. 2017 मध्ये निकाल आला. नातेवाइकांना शिकवलेला गट आणि नेहमीचेच उपचार मिळालेला गट, सहा महिन्यांनी दोन्ही गटांत 47 टक्के रुग्ण दगावलेले किंवा परावलंबी होते. वाचून मन खट्टू होतं. पण यात घरच्यांचा दोष मला दिसत नाही. जॉर्जनं वडिलांसाठी महिनोन्‌महिने दिले होते. मजुरीला जाऊन, स्वयंपाक करून मग सासऱ्यांना कुशीवर वळवणाऱ्या सुनेकडे तेवढा वेळ नसतो, आणि तालुक्याच्या गावी तिच्या मदतीला घरी येणारा फिजिओही सहसा नसतो.