मोठा पॉवर सप्लाय म्हणजे मोठं वीजबिल?

‘६५० वॉटचा पॉवर सप्लाय लावला की मीटर सतत ६५० वॉटने पळतो.’ शेजारच्या काकांसाठी कमी खर्चात कॉम्प्युटर जुळवताना हे पुन्हा ऐकलं. (पॉवर सप्लाय म्हणजे सॉकेटमधली वीज कॉम्प्युटरच्या भागांना पुरवणारा डबा.) शंका रास्तच, बल्बवर लिहिलेले वॉट तो खरोखर खातो. पॉवर सप्लायवरचा आकडा मात्र कमाल क्षमतेचा. वीज किती लागणार हे प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड ठरवतात. त्यांना १२० वॉट हवे असतील आणि सप्लायची कार्यक्षमता ८५ टक्के असेल, म्हणजे ओढलेल्या विजेपैकी ८५ टक्केच भागांपर्यंत पोचत असेल, तर सॉकेटमधून ओढले जातात साधारण १४१ वॉट, मग डब्यावर ४५० असो वा ६५०. (अगदी कमी भारावर कार्यक्षमता थोडी घसरते, पण तो फरक किरकोळ.) पडताळायचं असेल तर सॉकेटमध्ये लावायचा वॉटमीटर आणा. आधी कॉम्प्युटर नुसता चालू ठेवून आकडा पाहा, मग गेम लावून. काकांना ४५० पुरला. वाचलेले पैसे एसएसडीत, म्हणजे माहिती साठवणाऱ्या वेगवान ड्राइव्हमध्ये गेले.