बिनसरच्या वणव्याची पार्श्वभूमी: बांज, चीड आणि शंभर वर्षांचे कायदे

13 जून 2024 रोजी उत्तराखंडातल्या अल्मोडा जिल्ह्यात, बिनसर अभयारण्यात वणवा विझवायला गेलेल्या वनखात्याच्या तुकडीतले चौघे जागीच मृत्युमुखी पडले. जखमींपैकी दोघे पुढे दगावले. मृतांत एका बीट अधिकाऱ्याबरोबर रोजंदारीवरची माणसे होती. 15 जूनला संपणाऱ्या सरकारी वणवा-हंगामाचे दोनच दिवस उरले होते. त्या वर्षीचा कडक उन्हाळा हे कारण खरे आहे, पण अपुरे आहे. त्या उतारावर पेटायला इतके साहित्य कसे साठले, हे समजून घ्यायला बरेच मागे जावे लागते.

बिनसर लहान आहे, 47 चौरस किलोमीटरच्या आसपास. सर्वांत उंच धार 2,400 मीटरच्या थोडी वर जाते. वरच्या भागात बांज आणि तिलोंज हे ओक, बुरांस, काफळ आणि अयार यांचे दाट, ओलसर रान आहे. खालच्या आणि दक्षिणेकडच्या कोरड्या उतारांवर चीड, म्हणजे सुयांसारख्या पानांचा पाइन, आहे. बिबट्या, भेकर, गोरल, काळे अस्वल, लंगूर आणि कोकलास व कालीज ही रानकोंबड्यांच्या कुळातली पाखरे, यांतल्या बहुतेकांचे पोट या ना त्या वाटेने बांजच्या रानावर अवलंबून आहे. बांजची फळे अस्वल, लंगूर आणि उडत्या खारी खातात. त्याच्या पालापाचोळ्यात कोकलास चरतो आणि झाडोऱ्यात भेकर दडते. चीडच्या रानात हे फारसे उरत नाही. म्हणून चीडची सीमा वर सरकली की प्राण्यांची जागा आक्रसते, आणि ही सीमा वर सरकवणारी मुख्य शक्ती आग आहे.

चीडच्या सुया, म्हणजे पिरूल, मार्च ते जून गळतात आणि हेक्टरी काही टनांचा थर साचतो. त्यात राळ असल्याने तो झटकन पेटतो आणि सहज कुजत नाही. मोठ्या चीडची साल जाड असते, त्यामुळे झाड वाचते. आगीने उघड्या पडलेल्या मातीत आणि उजेडात त्याचे पंखवाले बी रुजते. बांजचे रोप मात्र पातळ सालीचे. ते बुंध्यातून पुन्हा फुटते खरे, पण दर दोन-तीन वर्षांनी आग आली तर झुडूपच राहते.

इंग्रजांनी 1815 मध्ये नेपाळच्या गुरख्यांकडून कुमाऊं, म्हणजे अल्मोडा ज्यात येतो तो डोंगरी प्रदेश, घेतला. 1893 मध्ये मोजणी न झालेली सगळी पडीक जमीन संरक्षित जंगल ठरवली गेली, आणि 1911 ते 1917 या काळात कुमाऊंतली सुमारे 3,000 चौरस मैल जंगले राखीव झाली. चराई, फांद्या तोडणे, नव्या गवतासाठी राब जाळणे, सगळ्यावर बंधने आली. सरकारचा डोळा चीडवर होता, कारण त्यातून रेल्वेचे स्लीपर, टर्पेंटाइन आणि राळ मिळे. गावाला चारा, खत आणि झऱ्यांचे पाणी बांजकडून मिळे. जानेवारी 1921 मध्ये बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेत वेठबिगारीच्या वह्या सरयूत बुडवल्या गेल्या, आणि त्याच उन्हाळ्यात राखीव रानांना ठरवून आगी लावल्या गेल्या. जळाली ती प्रामुख्याने चीडची राने. लोकांनी काय जाळले आणि काय राखले, यातच त्यांची मागणी स्पष्ट होती.

सरकारने पर्सी विंडम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशींनुसार व्यापारी किंमत नसलेली, मुख्यतः बांजची जंगले पहिल्या वर्गात घालून महसूल खात्याकडे गेली. चीडची दुसऱ्या वर्गातली जंगले वनखात्याकडेच राहिली. 1931 मध्ये वन पंचायतींचे नियम झाले. ही आमच्या मते या इतिहासातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट: गावाने निवडलेली पंचायत पाने-गवत काढायचे दिवस ठरवते, राखणदार ठेवते, दंड करते. आजही उत्तराखंडात अकरा-बारा हजार वन पंचायती आहेत.

 

पुढे झाडे वाचवण्याचे चिपको आंदोलन झाले, 1981 मध्ये 1,000 मीटरच्या वर हिरवे झाड तोडण्यास बंदी आली, आणि 1988 मध्ये बिनसर अभयारण्य झाले. बंदीने कुऱ्हाड थांबली, पण बांजच्या रानात घुसणारी चीड काढणे आणि जाळरेषांवर, म्हणजे आग अडवायला मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांवर, उगवलेली झाडे तोडणेही अडले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 29 नुसार अभयारण्यातून परवानगीने काढलेला वनोपज स्थानिकांना घरगुती गरजेपुरताच वापरता येतो, विकता येत नाही. 2024 मध्ये राज्य सरकारने पिरूल किलोला 50 रुपयांनी घेण्याची घोषणा केली, तरी जिथे तो उचलणे सर्वांत निकडीचे, तिथे ही अडचण उभीच राहिली. शिवाय दलाड, रिसाल, गोनाप यांसारख्या अभयारण्यातल्या गावांतून माणसे निघून चालली आहेत. 2001 ते 2011 या दशकात अल्मोडा जिल्ह्याची एकूण लोकसंख्याच घटली. गुरे कमी झाली की गोठ्यात अंथरायला पाला कोणी नेत नाही, आणि आग दिसताच धावणारे हातही उरत नाहीत.

उरते ती रेक आणि हिरव्या फांद्या घेतलेली छोटी तुकडी. दुपारी वारा दरीतून वर चढतो आणि ज्वाला वरच्या उतारावरचा पिरूल आधीच तापवतात, म्हणून आगीच्या वर उभे राहणे सर्वांत धोक्याचे. पेटलेली चीडची बोंडे उलट खाली घरंगळतात आणि जाळरेषा ओलांडून मागे नवी आग लावतात.

याच जिल्ह्यात शीतलाखेत इथे गावकऱ्यांनी आणि वनखात्याने वेगळी घडी बसवली आहे. शेताच्या बांधावरचा कचरा, म्हणजे ओण, 31 मार्चच्या आत, पिरूल पुरता गळण्याआधी जाळून संपवायचा. त्यासाठी 1 एप्रिल हा ओण दिवस पाळतात. अनेक वणव्यांची सुरुवात एप्रिल-मेमध्ये बांधावर लावलेल्या अशाच आगीतून होते, म्हणून हा उपाय मुळावर आहे.

जळालेल्या उतारावर बांज परत आणायचा तर आधी फुटव्यांना गुरांपासून आणि पुढच्या आगीपासून काही वर्षे राखावे लागते. नवीन पेरणीचे बी हिवाळ्यात गोळा करतात. ते पाण्यात टाकून तरंगणारे, किडलेले, फेकून देतात. बुडालेले बी वाळू न देता लवकरात लवकर पेरावे लागते, कारण सुकले की ते उगवत नाही.