सोयाबीन पिवळं का असतं?

लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीनच्या ढिगासमोर उभं राहिलं की एकच रंग दिसतो, पिवळा. त्यात विचारण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नाही. पण सोयाबीनचा रानटी भाऊबंद आजही चीन, कोरिया, जपानमध्ये वेलासारखा पसरतो आणि त्याचं बी बारीक, काळं असतं. काळा रंग तयार करणारी जनुकं आपल्या पिवळ्या सोयाबीनमध्येही शाबूत आहेत. अनेक वाणांना जांभळी फुलं येतात ती याच जनुकांच्या जोरावर. दाण्याच्या टरफलात मात्र ती गप्प असतात. त्यांना गप्प बसवतात ते आरएनए या डीएनएसारख्या रेणूचे तुकडे, जेमतेम २१ ते २२ अक्षरं (म्हणजे रासायनिक घटक) लांबीचे.

जांभळाचा, वांग्याच्या सालीचा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे येतो. ती तयार व्हायला वनस्पतीच्या पेशीत एकामागून एक बऱ्याच रासायनिक क्रिया व्हाव्या लागतात. सुरुवातीची क्रिया कॅल्कोन सिंथेज नावाचं विकर घडवतं. ते नसेल तर पुढचं सगळं अडतं आणि रंग येत नाही. या विकराच्या जनुकाला संशोधक सीएचएस म्हणतात. सोयाबीनमध्ये याच एका कामाची निदान नऊ जनुकं आहेत आणि त्यांतल्या काहींची मांडणी जरा विचित्र आहे. पिवळ्या वाणांमध्ये तीन सीएचएस जनुकांचा एक गट सरळ क्रमाने येतो आणि त्याच्याच शेजारी तोच गट पुन्हा, उलट्या दिशेने. सगळी गंमत या उलट्या गटात आहे, पण ती कळायला आधी पेटुनियाच्या कुंडीपर्यंत जावं लागेल.

हिवाळ्यात आपल्या रोपवाटिकांमध्ये जांभळ्या-गुलाबी पेटुनियाच्या कुंड्या रांगेने मांडलेल्या असतात. कॅलिफोर्नियात ओकलंडच्या डीएनए प्लांट टेक्नॉलॉजी या कंपनीत रिचर्ड जोर्गेन्सन आणि कॅरोलिन नापोली याच फुलावर काम करत होते. फूल आणखी गडद जांभळं व्हावं म्हणून त्यांनी पेटुनियात सीएचएसचं एक जादा जनुक घातलं. हिशोब सरळ होता : जनुक जास्त, म्हणून विकर जास्त, म्हणून रंग जास्त. प्रत्यक्षात ज्या रोपांत जादा जनुक गेलं, त्यांतल्या ४२ टक्के रोपांना पांढरी किंवा पांढरे पट्टे असलेली फुलं आली. बाहेरून घातलेलं जनुक तर गप्प बसलंच, वर रोपाचं स्वतःचं चांगलं चालणारं जनुकही सोबत गप्प बसलं. पांढऱ्या पाकळ्यांमध्ये सीएचएसच्या संदेशाचं प्रमाण पन्नास पटींनी उतरलेलं होतं. हे १९९० साली प्रसिद्ध झालं. ॲमस्टरडॅमच्या एका गटालाही त्याच सुमारास पेटुनियातच हाच अनुभव आला. दोन वर्षांनी रोममध्ये न्यूरोस्पोरा या नारिंगी बुरशीत रंगाच्या जनुकाची जादा प्रत घातली, तर बुरशी पांढरी पडली. प्रत्येकाने आपापलं नाव ठेवलं, वनस्पतीवाल्यांनी एक, बुरशीवाल्यांनी दुसरं. कारण कुणालाच सांगता येईना.

इथे संदेश म्हणजे काय ते सांगून टाकतो. जनुक डीएनएमध्ये असतं आणि ते पेशीच्या केंद्रकातून बाहेर पडत नाही. त्याची एक तात्पुरती नक्कल आरएनएच्या रूपात बाहेर येते, ती वाचून प्रथिन तयार होतं. ही नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए. ती एकपदरी असते. आरएनएची चार अक्षरं, ए, यू, जी आणि सी. त्यांपैकी एची जोडी यूशी जमते, जीची सीशी. म्हणून एखाद्या संदेशाला तंतोतंत पूरक असा दुसरा धागा पेशीत सोडला, तर तो संदेशाला चिकटेल आणि प्रथिन बनणं थांबेल, अशी एक युक्ती १९८०च्या दशकापासून वापरात होती.

सी. एलेगन्स नावाचा एक मिलिमीटर लांबीचा, मातीत राहणारा सूत्रकृमी प्रयोगशाळांचा लाडका आहे. १९९५मध्ये कॉर्नेल विद्यापीठात त्याच्यावर ही युक्ती वापरताना एक भलतीच गोष्ट दिसली. पूरक धागा टोचला की जनुक बंद पडायचं, हे अपेक्षितच होतं. पण तुलनेसाठी संदेशासारखाच धागा टोचला, जो कशालाच चिकटायला नको, तरी जनुक बंद पडत होतं. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांना शंका आली की प्रयोगशाळेत बनवलेल्या या आरएनएमध्ये दोन्ही धाग्यांची थोडी थोडी भेसळ असावी. त्यांनी धागे नीट शुद्ध केले. युन्क-२२ हे कृमीच्या स्नायूंमधलं जनुक त्यांनी निवडलं, कारण ते बंद पडलं की कृमी सतत फडफडायला लागतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली लगेच कळतं. एकेकटा शुद्ध धागा टोचला तेव्हा परिणाम जवळजवळ नव्हता. दोन्ही धागे एकत्र, म्हणजे दुहेरी आरएनए टोचला, तेव्हा कृमी फडफडू लागले, त्यांची पिल्लंही फडफडली. आणि प्रत्येक पेशीच्या वाट्याला या दुहेरी आरएनएचे मोजकेच रेणू येत होते. संदेशाला एकास एक चिकटून हे होणं शक्यच नव्हतं. पेशीतलीच कुठली तरी यंत्रणा हा आरएनए पाहून कामाला लागत होती.

१९९८च्या या शोधनिबंधाला अवघ्या आठ वर्षांत, २००६ साली नोबेल मिळालं.

ती यंत्रणा पुढच्या तीन-चार वर्षांत उलगडली. निरोगी पेशीत लांब दुहेरी आरएनए सहसा सापडत नाही, म्हणून तो दिसला की डायसर नावाचं विकर त्याचे एकसारख्या मापाचे तुकडे करतं. हे माप प्राण्यांमध्ये २१ ते २३ अक्षरांचं, वनस्पतींमध्ये २१ ते २४. प्रत्येक तुकडा अजून दुपदरीच असतो. तो अर्गोनॉट नावाच्या प्रथिनाच्या हाती जातो. अर्गोनॉट दोनपैकी एक पदर टाकून देतं आणि दुसरा धरून ठेवतं. मग या धरलेल्या पदराशी अक्षरं जुळणारा संदेश पेशीत जिथे भेटेल तिथे अर्गोनॉट त्याला पकडतं. जुळणी तंतोतंत असेल तर संदेश कापला जातो, आणि तोही एका ठरलेल्या जागी : धरलेल्या पदराच्या सुरुवातीपासून मोजलं तर दहाव्या आणि अकराव्या अक्षराच्या समोर. कापलेला संदेश पेशी फस्त करते. अर्गोनॉट तोच पदर घेऊन पुढच्या संदेशाच्या मागे लागतं. थोडक्या रेणूंनी एवढा मोठा परिणाम कसा होतो, याचं एक उत्तर हे. दुसरं असं की वनस्पती आणि कृमी यांच्याकडे आरएनएवरून आणखी आरएनए तयार करणारी विकरं आहेत, त्यामुळे सुरुवातीचा साठा वाढत जातो.

आता सोयाबीनचा तो उलटा गट. सरळ आणि उलट गट शेजारी असताना त्यांची एकसलग नक्कल निघाली, की त्या आरएनएचं एक टोक दुसऱ्याला पूरक ठरतं. धागा हेअरपिनसारखा स्वतःवरच दुमडतो आणि दुहेरी होतो. डायसरला तेवढंच हवं असतं. त्यातून सीएचएसचे छोटे तुकडे पडतात आणि सगळ्याच सीएचएस जनुकांचे संदेश कापले जातात. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात लायला व्होडकिन यांच्या प्रयोगशाळेने हे तुकडे मोजले तेव्हा ते टरफलात भरपूर सापडले, रोपाच्या इतर भागांत नाही. म्हणून दाणा बिनरंगी आणि फूल जांभळं. काही वाणांच्या पिवळ्या दाण्यावर, तो शेंगेला जिथे चिकटलेला असतो तिथे, काळा किंवा तपकिरी ठिपका असतो. त्या ठिपक्यापुरती ही मुस्कटदाबी चालत नाही. आणि शेतातल्या पिवळ्या वाणात क्वचित उलट्या गटाजवळचा डीएनए गळून पडला, तर त्या झाडाला थेट काळे दाणे येतात. ही काही नव्याने आलेली विकृती नाही. दाबून ठेवलेला जुना रंग मोकळा होतो, इतकंच.

म्हणजे चीनमधल्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षांपूर्वी पिवळा दाणा निवडून पेरायला सुरुवात केली, तेव्हा नकळत त्यांनी जनुक दाबण्याची ही यंत्रणाच निवडली. ओकलंडला प्रयोगात जे बिघडलं असं वाटलं, ते शेतात कधीचं रूढ झालेलं होतं, तेही त्याच जनुकाच्या बाबतीत.

पेशीला ही यंत्रणा मुळात कशासाठी हवी? वनस्पतींपुरतं उत्तर स्पष्ट आहे, विषाणूंसाठी. वनस्पतींचे बहुतेक विषाणू आरएनएचे असतात आणि स्वतःच्या प्रती काढताना त्यांना दुहेरी आरएनएच्या अवस्थेतून जावं लागतं. डायसर तिथेच त्यांना गाठतं. १९२८ साली अमेरिकेत व्हर्जिनियात तंबाखूच्या रोपांवर एक नोंद झाली होती. विषाणू सोडलेली खालची पानं डागाळली, पण वर नंतर फुटलेली पानं निरोगी निघाली आणि त्यांच्यावर तोच विषाणू पुन्हा सोडला तरी काही झालं नाही. त्याचा अर्थ लागायला सत्तर वर्षं जावी लागली. इंग्लंडमध्ये नॉर्विचला अँड्र्यू हॅमिल्टन आणि डेव्हिड बोल्कम यांनी १९९९मध्ये वनस्पतींत हे छोटे आरएनए पहिल्यांदा पकडले.

विषाणूही गप्प बसत नाहीत. बऱ्याच वनस्पती-विषाणूंकडे ही यंत्रणा बंद पाडणारी प्रथिनं असतात. सोयाबीन मोझॅक विषाणूकडे असं प्रथिन आहे. तो झाडात शिरला की स्वतःचा जीव वाचवण्यासाठी छोट्या आरएनएंचं काम अडवतो आणि त्या गडबडीत सीएचएसवरचा दाबही सुटतो. परिणाम दाण्यावर डोळ्यांना दिसतो : त्या ठिपक्यापासून काळे-तपकिरी ओघळ पिवळ्या टरफलावर पसरतात. पावसात भिजून डागी झालेल्या मालाशी याची गल्लत करू नये, तो बुरशीचा आणि ओलीचा मामला. आपल्याकडे पांढऱ्या माशीतून येणारा पिवळा मोझॅकही वेगळा. तो डीएनएचा विषाणू आहे आणि त्याची खूण पानांवर दिसते.

प्राण्यांमध्ये या छोट्या आरएनएंचं मोठं काम वेगळंच आहे, आणि त्याचा शोध फायर-मेलोंच्या आधी लागून कोपऱ्यात पडून होता. १९९३मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी त्याच कृमीत लिन-४ नावाचं जनुक तपासलं. त्यातून प्रथिन बनतच नव्हतं, फक्त २२ अक्षरांचा आरएनए. तो लिन-१४ या दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला अर्धवट जुळून त्याचं प्रथिन कमी करत होता. लिन-४ नसलेला कृमी वाढीच्या पहिल्याच टप्प्यात अडकून तोच तोच टप्पा पुन्हा करत राहतो. ही एका कृमीची खासियत असेल, असं समजून लोकांनी सोडून दिलं. २००० साली लेट-७ हा दुसरा असा आरएनए सापडला आणि तो माणसातही अक्षरशः तोच निघाला, तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. यांना मायक्रोआरएनए म्हणतात. जुळणी मुख्यतः सुरुवातीच्या सात-आठ अक्षरांपुरतीच असल्याने एक मायक्रोआरएनए शेकडो संदेशांवर थोडा थोडा दाब ठेवू शकतो. माणसाची निम्म्याहून अधिक प्रथिन-जनुकं या दाबाखाली असावीत असा अंदाज आहे. बोल्कम, अँब्रोस, रुव्हकुन या तिघांना २००८मध्ये वैद्यकीय संशोधनासाठीचा अमेरिकेतला लास्कर पुरस्कार एकत्र मिळाला होता. २०२४च्या नोबेलमध्ये त्यांतले दोघेच होते. २००६मध्येही वनस्पतीवाल्यांना वगळलं होतं. पेटुनियाच्या बाजूने बोलायला स्टॉकहोममध्ये कुणी नसावं, हे मला खटकतं.

औषध म्हणून याचा उपयोग सुचायला वेळ लागला नाही. २००१मध्येच माणसाच्या पेशींत २१ अक्षरांचा दुहेरी तुकडा टाकून हवं ते जनुक दाबता येतं हे दिसलं होतं. अडचण पोचवण्याची होती. रक्तात सोडलेला आरएनए काही मिनिटांत नष्ट होतो आणि पेशीचं आवरण त्याला आत घेत नाही. पहिलं औषध, पॅटिसिरान, अमेरिकेत मंजूर व्हायला २०१८ उजाडलं. यकृतात बनणारं एक सदोष प्रथिन नसांमध्ये साचून होणाऱ्या दुर्मिळ आनुवंशिक आजारावर ते आहे, आणि त्यात आरएनए मेदाच्या सूक्ष्म गोळ्यांत भरून दर तीन आठवड्यांनी शिरेतून देतात. नंतर सोपी वाट सापडली : आरएनएला एक विशिष्ट साखर जोडायची, यकृताच्या पेशी ती ओळखून आत ओढतात. कोलेस्टेरॉलवरचं इन्क्लिसिरान असं चालतं. सुरुवातीच्या दोन मात्रांनंतर ते सहा महिन्यांतून एकदा कातडीखाली टोचतात आणि एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, साधारण निम्म्यावर येतं. मंजूर झालेली अशी औषधं यकृतावरच बेतलेली आहेत, कारण पत्ता तेवढाच नीट सापडलाय. मेंदू, फुप्फुस, स्नायू यांच्यावर काम सुरू आहे.

शेतीत तर नुसता आरएनए फवारण्यापर्यंत मजल गेली आहे. लेडप्रोना नावाच्या दुहेरी आरएनएला अमेरिकेत डिसेंबर २०२३मध्ये नोंदणी मिळाली. कोलोरॅडो बटाटा भुंगा फवारलेलं पान खातो, आरएनए त्याच्या पोटातून पेशींत जातो, जगण्यासाठी लागणारं एक जनुक बंद पडतं आणि भुंगा मरतो. अक्षरांची जुळणी त्याच्याशीच असल्याने इतर किडे वाचतात, निदान अपेक्षा तशी आहे. हा भुंगा आपल्याकडे नाही. आपल्याकडचा खरा प्रश्न अळ्यांचा आहे, आणि नेमकी तिथेच ही युक्ती लंगडी पडते. भुंग्यांच्या मानाने पतंगवर्गीय अळ्यांच्या आतड्यातली विकरं दुहेरी आरएनए फार झपाट्याने पचवून टाकतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात नीना मित्तर यांच्या गटाने २०१७मध्ये मातीच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांवर आरएनए बसवून पानांवर फवारला, तेव्हा एका फवारणीने विषाणूपासून निदान वीस दिवस संरक्षण मिळालं. पानावर टिकण्याचा प्रश्न तसा सुटू शकतो. गुलाबी बोंडअळीसाठी मात्र तो तिच्या आतड्यातही टिकायला हवा, शिवाय अळी बोंडाच्या आत शिरण्याआधी तिच्या पोटात जायला हवा.