सोलापुरातील गरीब वस्त्यांचे पाणी

सोलापूर शहरातील कष्टकरी वस्त्यांना स्वच्छ पाणी मिळणे, आणि त्याला जोडून येणाऱ्या घर, शौचालय, आरोग्य या गरजा भागणे, हा या नोंदीचा विषय आहे. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. वर्षानुवर्षे ते तीन, चार, कधी पाच दिवसांआड सुटते. त्यामुळे दारात नळ आला म्हणजे प्रश्न मिटला, असे इथे होत नाही. ज्याच्याकडे हौद, मोटर आणि गच्चीवर टाकी आहे त्याला पाणी रोज मिळते. ज्याच्याकडे चार घागरी आहेत त्याला ते एकच दिवस मिळते. सोलापुरातली पाण्याची गरिबी ही मुख्यतः साठवणुकीची गरिबी आहे.

पाणी कुठून येते

सोलापूर पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येते. पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. जमिनीखाली काळा पाषाण असल्याने बोअरला पाणी लागेलच असे नाही, आणि लागले तरी बहुधा जड लागते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पाणी अडवल्याशिवाय इथे वस्ती टिकणार नाही, ही जाण मात्र जुनी आहे. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमदानातून तलाव बांधला, असे परंपरा सांगते. ब्रिटिश काळात आदिला नदीवर एकरुख तलाव झाला. १८७१ साली पुरा झालेल्या या तलावाला लोक हिप्परगा तलाव म्हणतात.

१८७७ मध्ये पहिली कापड गिरणी सुरू झाली. मराठवाडा, कर्नाटक आणि तेलंगणातून माणसे आली, गिरण्यांभोवती चाळी आणि झोपड्या उभ्या राहिल्या. पुढे गिरण्या बंद पडल्या, पण माणसे इथेच राहिली: पुरुष यंत्रमागावर, बाया विडीकामाला. १९९२ च्या हद्दवाढीत आसपासची गावे शहरात आली, आणि जलवाहिन्यांचे जाळे अपुरे असलेला मोठा भाग महापालिकेच्या पदरात पडला.

आज शहराला तीन ठिकाणांहून पाणी मिळते: हिप्परगा तलाव, भीमेवरील औज बंधाऱ्यात अडवलेले व टाकळीहून उचलले जाणारे पाणी, आणि उजनी धरणातून सुमारे ११० किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने येणारे पाणी. औज बंधारा भरण्यासाठी उजनीतून नदीत पाणी सोडावे लागते. वाटेत ते मुरते, आटते आणि उपसले जाते, म्हणून शहराच्या गरजेच्या कितीतरी पट पाणी सोडावे लागते. उन्हाळ्यात धरण उणे पातळीत गेले, म्हणजे वापराचा साठा संपून तळाचा राखीव (मृत) साठा उपसावा लागला, की तेही पुरत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेले होते. अशा वेळी जलवाहिनीच्या विहिरीपर्यंत पाणी आणायला दुबार, तिबार पंपिंग करावे लागते.

तरीही धरणात पाणी नाही म्हणून गरिबाचा हंडा रिकामा, असे म्हणणे खरे नाही. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. शहरी नळयोजनेच्या निकषाप्रमाणे माणशी रोज १३५ लिटर धरले तर वर्षाची घरगुती गरज साधारण १.७ टीएमसी (अब्ज घनफूट) निघते. लोकसंख्या वाढली, गळती झाली म्हणून हा आकडा दुप्पट केला, तरी सुमारे ११७ टीएमसी साठवणाऱ्या उजनीच्या तीन टक्क्यांच्या आतच राहतो. अडचण आहे ती पाणी उचलण्यात, वाहून आणण्यात, आणि शहरात आलेले पाणी सर्वांना सारखे वाटण्यात.

एका खोलीतले चार दिवस

पाच माणसांचे कुटुंब घ्या. पिणे, स्वयंपाक, अंघोळ, धुणे-भांडी आणि शौचालय यांसाठी माणशी निदान ५० लिटर धरले, तर चार दिवसांना एक हजार लिटर लागतात. प्लॅस्टिकची घागर पंधरा लिटरची. म्हणजे सहासष्ट-सदुसष्ट घागरी. दोनशे लिटरचे बॅरल घेतले तर पाच. दहा बाय बाराच्या खोलीत चूल, अंथरूण आणि मुलांची दप्तरे ठेवून पाच बॅरल बसतात कुठे? म्हणून दोन आत, एक दारात, बाकी कळशा-बादल्या, आणि तिसऱ्या दिवसापासून काटकसर. काटकसर नेहमी एकाच क्रमाने होते: आधी धुणे थांबते, मग बायांची अंघोळ, मग हात धुणे.

पाणी कधी सुटणार हे चावीवाल्याच्या, म्हणजे वाहिनीची झडप उघडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, वेळेवर. पहाटे, भर दुपारी, कधी रात्री बारानंतरही. विडी वळणाऱ्या बाईला मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. मांडीवरचे सूप बाजूला ठेवून ती नळावर गेली की तेवढा वेळ मजुरीतून जातो. शिवाय तेंदूची पाने कापण्याआधी भिजवावी लागतात, म्हणजे कामालाही पाणी हवेच. नळाची धार बारीक असली की लोक जमिनीत खड्डा करून नळ खाली उतरवतात आणि वाटीने किंवा पेल्याने पाणी उचलून हंडा भरतात. शेजारच्या पक्क्या घराने नळाला थेट मोटर लावली, तर त्या खड्ड्यातली धारही बंद होते. मोटर लावणे बेकायदा आहे; पण लावणारा आणि तहानलेला एकाच गल्लीतले असल्याने तक्रार करायला कोणी धजत नाही.

नळाचे पाणी संपल्यावर हापसा, महापालिकेचा टँकर किंवा जारचे पाणी हे पर्याय उरतात. जार विकत घेणारे गरीब घर लिटरमागे नळपट्टीच्या कितीतरी पट पैसे मोजते. ज्याच्याकडे सर्वांत कमी आहे त्याला सर्वांत महाग पाणी, ही या व्यवस्थेतली उघड अन्यायाची गोष्ट आहे.

शुद्धता आणि आजार

पाकणी आणि सोरेगाव येथील केंद्रांतून शुद्ध होऊन निघालेले पाणी घागरीपर्यंत तसेच पोहोचेल याची खात्री नसते. चार दिवस रिकाम्या राहणाऱ्या वाहिनीत दाब नसतो. ती गटाराजवळून जात असेल आणि कुठे फुटकी असेल, तर बाहेरची घाण आत ओढली जाते. सुरुवातीचे गढूळ पाणी सोडून द्यावे असे सांगितले जाते, पण ज्यांच्या वाट्याला पाऊण तास येतो त्यांना दहा मिनिटे सोडून देणे परवडत नाही. नळाच्या टोकाला क्लोरीन उरले आहे का, हे ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीने कळते: थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे.

साठवलेल्या पाण्याचा दुसरा धोका डासांचा. डेंगीचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडते. म्हणून आरोग्य कर्मचारी आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला, म्हणजे सगळी भांडी रिकामी करून कोरडी करायला, सांगतात. सल्ला योग्य आहे, पण उद्या नळ येईल याचा भरवसा नसताना बॅरल ओतून द्यायला हिंमत लागते. भांडे घट्ट झाकणे, चौपदरी कापडाने गाळणे आणि हात न बुडवता दांड्याच्या वगराळ्याने पाणी काढणे, हे त्यातल्या त्यात हाताशी असलेले उपाय.

हक्क

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी पाणी व स्वच्छता हा मानवी हक्क मानला. भारतात न्यायालयांनी तो संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्कात धरला आहे. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, झोपडी अनधिकृत आहे एवढ्यावरून तिथल्या माणसांना पाणी पूर्ण नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. महाराष्ट्रात या हक्काची मुळे त्याहून खोल आहेत: २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी पाण्याची ओंजळ उचलली, तेव्हा पाणी कोणाचे हा प्रश्न माणूस कोणाला म्हणायचे इथपर्यंत गेला होता.

घरकुल आणि पाणी

सोलापूरच्या कामगार चळवळीने घराचा प्रश्न मोठ्या प्रमाणावर हाताळला. माकपचे कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारी येथे विडी कामगार महिलांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये तिचे लोकार्पण झाले. त्याच परिसरातील रे नगर या तीस हजार घरांच्या प्रकल्पातील पहिली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी लाभार्थींना देण्यात आली. एवढी वस्ती शहराबाहेर वसवताना जलवाहिनी, टाकी, सांडपाणी आणि रस्ता हे घराइतकेच आधी लागते. शौचालय बांधून दिले तरी दर वेळी ओतायला बादलीभर पाणी लागतेच.

शहरासाठी स्मार्ट सिटी योजनेतून उजनीहून रोज १७ कोटी लिटर क्षमतेची समांतर जलवाहिनी हाती घेण्यात आली. तिच्याने शहरात येणारे पाणी वाढते; पण ते खड्ड्यातल्या नळापर्यंत पोहोचायला उंच टाक्या, वितरणाच्या नव्या वाहिन्या आणि ठरलेली वेळ लागते. तोवर झोपडपट्टीत सार्वजनिक साठवण टाकी बसवून ती प्रत्येक पाळीला भरणे आणि तिला चार तोट्या देणे, हा कमी खर्चाचा उपाय आहे. त्याने साठवणुकीचे ओझे एकेका खोलीवरून उतरून महापालिकेकडे जाते.