भंगारवाला ज्याला हात लावत नाही

रे रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून दारूखान्यात शिरलं की आधी लोखंडाचा वास येतो, दुकानं नंतर दिसतात. एके काळी इथे जहाजं मोडली जायची. तो धंदा बराचसा गुजरातेत अलंगला गेला, तरी नांगर, साखळ्या, प्लेटा आणि पंपांची बिडाची धुडं अजून इथे हात बदलतात. पर्यावरणाचा विषय इथे कुणी काढत नाही. किलोला भाव काय, एवढंच विचारतात. भाव असला की वस्तू दुसऱ्या दिवशी भट्टीच्या वाटेला लागते.

समजा, इथे एक निवृत्त पवनचक्की आणून टाकली. मनोऱ्याचं पोलाद गॅस कटरने कापून जाईल. जनित्रातलं नि केबलमधलं तांबं तर कुणी जमिनीला टेकूही देणार नाही. गिअरबॉक्स, बिडाचा हब, बेअरिंग, सगळ्याला गिऱ्हाईक आहे. पवनचक्कीच्या वजनाचा 85 ते 90 टक्के भाग असा सहज मार्गी लागतो. मग तीन पाती उरतात, आणि त्यांच्याकडे पाहून भंगारवाला मान हलवतो.

पातं दिसतं एकसंध, पण असतं थराथरांचं. काचेच्या बारीक तंतूंची कापडं, मधे बाल्साचं हलकं लाकूड किंवा फोम, आणि या सगळ्यात मुरवलेलं इपॉक्सी किंवा पॉलिएस्टर रेझीन. इपॉक्सी तुमच्या ओळखीचंच आहे. गळका नळ बुजवायला आपण एम-सील आणतो, दोन रंगांच्या वड्या एकत्र मळतो आणि थोड्या वेळात त्याचा दगड होतो. मळताना एका वडीतले रेणू दुसरीतल्या रेणूंना गाठी मारत सुटतात आणि शेवटी सगळ्याचं मिळून एकच जाळं विणलं जातं. तो दगड कितीही तापवा, वितळत नाही, करपतो. याउलट बादलीच्या प्लास्टिकमधले रेणू नुसते एकमेकांत गुंतलेले असतात, गाठी नसतात. म्हणून धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये तुटक्या बादलीचे दाणे होतात आणि दाण्यांची पुन्हा बादली.

कोळीवाड्यांत ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागणार नाही. लाकडाच्या होड्या जाऊन फायबरच्या आल्या. त्या कुजत नाहीत, कीड लागत नाही. आणि निकामी झाल्या की किनाऱ्यावर तशाच पडून राहतात, कारण लाकडाचं सरपण व्हायचं, फायबरचं काहीच होत नाही. पातं म्हणजे तीच होडी, फक्त फार मोठी. आज भारतात बसणाऱ्या मोठ्या पवनचक्क्यांचं एक पातं 70 मीटरच्या आसपास असतं, म्हणजे लोकलच्या तीन डब्यांहून लांब. ते कापायला हिऱ्याच्या धारेची करवत लागते, आणि कापताना उडणारी काचेची पूड अंगाला खाजवते, छातीत जाते.

हा प्रश्न आता आपल्या दारात येतो आहे. 1986 मध्ये देशातल्या पहिल्या पवनचक्क्या ज्या किनाऱ्यांवर लागल्या, त्यांत आपली रत्नागिरी होती. त्या होत्या 55 किलोवॅटच्या. पुढे साताऱ्यात वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर 350 किलोवॅटच्या चक्क्यांचं रान उठलं. चक्कीचं आयुष्य साधारण 20 ते 25 वर्षं. शिवाय उत्तम वाऱ्याच्या जागा या जुन्या, लहान चक्क्यांनीच अडवल्या आहेत. म्हणून त्या काढून मोठ्या बसवण्याचं धोरण केंद्राने 2016 मध्ये आणलं आणि 2023 मध्ये सुधारलं.

घाबरवण्याआधी एक हिशेब मांडतो. केंब्रिजच्या संशोधकांनी 2017 मध्ये अंदाज केला होता की 2050 पर्यंत जगभरात पात्यांचा मिळून 4 कोटी 30 लाख टन कचरा साचेल. आपल्या औष्णिक वीज केंद्रांतून एका वर्षात निघणारी राखच 25 कोटी टनांहून जास्त असते. पात्यांचे फोटो दाखवून पवनऊर्जेला नावं ठेवणाऱ्यांनी ती राख एकदा जोखावी. अमेरिकेत वायोमिंगमधल्या कॅस्परला ओळीने पुरलेल्या पात्यांचे फोटो 2020 मध्ये जगभर फिरले. पुरलेलं पातं विषारी नसतं, नुसतं पडून राहतं. पण पुरणं हा उपाय नव्हे, हेही खरंच.

सध्या सर्वांत चालता मार्ग सिमेंटच्या भट्टीचा. पात्याचे तुकडे सुमारे 1450 अंशांच्या भट्टीत गेले की रेझीन इंधनासारखं जळतं, तेवढ्या कोळशाची बचत होते आणि काचेतली वाळू, चुना, ॲल्युमिना सिमेंटमध्येच मिसळतात. जर्मनीत हे बरीच वर्षं चालू आहे. काचेतलं बोरॉन फार झालं तर सिमेंट आळायला वेळ लावतं, म्हणून प्रमाण सांभाळावं लागतं. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत, पण ते साताऱ्यापासून राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. आणि याला रिसायकलिंग म्हणायला माझी जीभ जरा अडखळते, कारण काचतंतूचा पुन्हा काचतंतू होत नाही. हवा न लावता तापवून रेझीन उडवता येतं, पण त्या उष्णतेत तंतूंची ताकद निम्म्याहून अधिक जाऊ शकते. आणि नवे काचतंतू इतके स्वस्त की असल्या अशक्त तंतूंना विचारतो कोण?

म्हणून रसायनशास्त्रज्ञ गाठींकडेच वळले आहेत. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातल्या गटाने 2023 मध्ये रुथेनियम या धातूच्या उत्प्रेरकाने जुन्या इपॉक्सीच्या गाठी सोडवून तंतू सुटे करून दाखवले. पण रुथेनियम महाग. दुसरी वाट अशी की पातं घडवतानाच सुटणारी गाठ मारायची. वरळीत मुख्यालय असलेल्या आदित्य बिर्ला समूहाचं ‘रिसायक्लामाइन’ हे तसलंच हार्डनर, म्हणजे इपॉक्सीत मिसळून तिला घट्ट करणारं, एम-सीलच्या दुसऱ्या वडीसारखं रसायन. त्याने बांधलेलं जाळं ऊन-पावसाला दाद देत नाही, पण सौम्य आम्लाच्या गरम द्रावणात उलगडतं. पवनचक्क्या बनवणाऱ्या सीमेन्स गामेसा कंपनीने त्यावर घडवलेली पाती 2022 मध्ये जर्मनीच्या समुद्रात उभीही राहिली.

साताऱ्याच्या पठारावर मात्र जुन्या गाठीचीच पाती फिरताहेत. त्यांचा भाव उलटा आहे, म्हणजे नेणाऱ्याला आपणच पैसे मोजायचे. ते पैसे मनोऱ्याच्या पोलादातून आणि तांब्यातून निघू शकतात, पण त्यासाठी अख्खी चक्की एकाच सौद्यात, पात्यांसकट द्यायला हवी. लोखंड आधी वेगळं विकलं, की ट्रक दारूखान्याच्या दिशेने निघून जातो आणि पाती पठारावरच राहतात.