माळ्यावरची फ्लॉपी आणि लिलावातला खोका: जुन्या गेम्सना एवढा भाव आला कुठून?

२०२१ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात सुपर मारिओ ६४ ची एक सीलबंद कॉपी १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, म्हणजे तेव्हाच्या भावाने आपले साडेअकरा कोटी, आणि त्या बातमीनंतर नाशकात ज्याच्या त्याच्या डोक्यात एकच किडा, आपल्या माळ्यावर काय पडलंय. कॉलेज रोड असो नाहीतर सिडको, नव्वदीत कॉम्प्युटर क्लास केलेला प्रत्येक जण विचारतो, माझ्याकडे प्रिन्स ऑफ पर्शिया गेम होता ना फ्लॉपीवर, त्याचे किती येतील? काही येणार नाहीत भाऊ, भंगारवाला पण घेणार नाही.

का नाही, ते कळायला जरा मागे जावं लागतं, कारण लिलावात पैसे मोजतात ते गेमचे नसतात, खोक्याचे असतात.

सुरुवातीला तर खोका पण नव्हता. १९८० च्या आसपास ॲपल टू या घरगुती कॉम्प्युटरसाठी गेम लिहिणारी पोरं फ्लॉपी आणि सोबत झेरॉक्स मारलेला कागद झिपलॉकच्या पिशवीत घालायची, आणि ती पिशवी दुकानात लटकवलेली असायची. टेक्सासचा रिचर्ड गॅरियट तेव्हा हायस्कूलचा पोरगा, कॉम्प्युटरलँडच्या दुकानात काम करायचा, तिथेच त्याने स्वतःचा अकालाबेथ विकायला ठेवला, कव्हरवरचं चित्र आईने काढून दिलेलं. पुढे कॅलिफोर्निया पॅसिफिक नावाच्या कंपनीने तो देशभर विकला, गॅरियटच्या सांगण्याप्रमाणे ३० हजार कॉप्या खपल्या आणि कॉपीमागे त्याला ५ डॉलर सुटले. पण दुकानातल्या त्या पहिल्या पिशव्या अगदीच थोड्या होत्या, आणि पीसी गेम जमवणाऱ्यांत आज ती पिशवी म्हणजे कोहिनूरच. केन आणि रॉबर्टा विल्यम्सचा मिस्टरी हाउस पण १९८० मध्ये असाच पिशवीतून आला, त्यांचीच कंपनी पुढे सिएरा म्हणून गाजली.

खरी गंमत सुरू होते इन्फोकॉमपासून. ही कंपनी नुसत्या मजकुराचे गेम काढायची, चित्र एकही नाही. १९८२ च्या डेडलाइन या खुनाच्या गेममध्ये सांगायचं इतकं होतं की ते डिस्कवर मावेना, मग त्यांनी पोलिसांचे जबाब, लॅबचा रिपोर्ट, घटनास्थळाचा फोटो आणि पुरावा म्हणून चक्क औषधाच्या गोळ्यांची छोटी पिशवी खोक्यात टाकली. लोकांना हे एवढं आवडलं की पुढच्या प्रत्येक गेमसोबत असलं काहीतरी यायला लागलं. १९८४ चा हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी घ्या, त्याच्या खोक्यात एक काळा कागदी गॉगल, खिशातल्या कापसाचा एक गोळा आणि एक रिकामी प्लास्टिकची पिशवी, रिकामी का तर त्यात म्हणे डोळ्याला न दिसणारा अंतराळयानांचा ताफा आहे. आज हा खोका लिलावात येतो तेव्हा विकणारा गंभीरपणे लिहितो, गॉगल आहे, कापूस आहे, रिकामी पिशवी आहे. पिशवी हरवली असेल तर भाव पडतो. हसू नका, खरंय.

गॅरियट पण मागे नव्हता, १९८५ च्या अल्टिमा ४ सोबत कापडावर छापलेला नकाशा आणि धातूचा एक छोटा अंख, म्हणजे जुन्या इजिप्तचं क्रॉससारखं चिन्ह, यायचा. यात हौस होतीच पण धंद्याचं डोकं पण होतं, डिस्क कोणीही कॉपी करेल, कापडी नकाशा कसा कॉपी करणार? पीसीवरच्या प्रिन्स ऑफ पर्शियात (मूळ गेम १९८९ चा) तर पहिली लेव्हल संपल्यावर बाटल्यांची खोली लागायची, कुठली बाटली प्यायची ते मॅन्युअलमधलं अक्षर बघून ठरवायचं, म्हणजे मॅन्युअल नाही तर गेम पुढे नाही.

आणि आपल्याकडे नेमका उलटा माल आला. क्लासच्या सरांकडे एक फ्लॉपी, तिच्यावरून वीस, त्या वीसवरून कोण जाणे किती, लेबलवर बॉलपेनने इंग्रजीत प्रिन्स, ते पण स्पेलिंग चुकवून. बाटल्यांची ती भानगड एक तर कोणीतरी आधीच क्रॅक करून काढून टाकलेली, नाहीतर अंदाजपंचे बाटल्या पीत बसायचं. मॅन्युअल असतं हेच आपल्याला माहीत नव्हतं! कॉपीराइट कायद्यातली १९९४ ची दुरुस्ती १० मे १९९५ पासून लागू झाली आणि पायरेटेड प्रोग्रॅम जाणूनबुजून वापरणं पण गुन्हा ठरला, पण नाशकातल्या कुठल्या क्लासमध्ये त्यामुळे डेंजरस डेव्ह हा गेम बंद पडला असं काही मला आठवत नाही. तर मुद्दा असा की ज्या कागदांना आणि चिंध्यांना आज भाव आहे ते आपल्या शहरात आलेच नाहीत, आली ती फक्त डिस्कवरची माहिती. आणि ती आज फुकट आहे. इंटरनेट अर्काइव्हने २०१५ च्या जानेवारीत डॉस या जुन्या पीसी सिस्टिमचे दोन हजारांवर गेम ब्राउझरमध्ये खेळायला ठेवले, त्याच्याही आधी २००८ पासून जीओजी ही साइट जुने गेम कायदेशीरपणे स्वस्तात विकतंय. एवढं होऊनही खोक्याचा भाव खाली आला नाही, यातच सगळं आलं.

तिकडे अमेरिकेत पण खोके कोणी जपून ठेवले नव्हते. खेळून झालं की खोका कचऱ्यात, म्हणूनच तर ते दुर्मिळ झाले. १९९५ मध्ये पियर ओमिद्यारने ऑक्शनवेब नावाची साइट काढली, तिचंच पुढे ईबे झालं, आणि लहानपणीचा हरवलेला गेम शोधणारी तिशीतली नोकरदार माणसं आणि गॅरेज साफ करणारे लोक एकाच ठिकाणी भेटले. त्याआधी अशा वस्तूला ठरलेला बाजारभाव असा नव्हताच.

पण हजारांचे लाख आणि लाखांचे कोटी झाले ते ग्रेडिंगमुळे, आणि ही युक्ती नाण्यांच्या धंद्यातली. नाशिककरांना नाण्यांचं काय सांगायचं, त्र्यंबक रोडवर अंजनेरीला १९८० पासून नाण्यांची संशोधन संस्था आहे, म्युझियम आहे, शाळेची सहल जाते. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात नाणं तपासून, त्याला नंबर देऊन प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करायची पद्धत आली, म्हणजे घेणाऱ्याला नाणं कळलं नाही तरी चालतं, नंबर कळला की झालं. हेरिटेज मुळात नाण्यांचीच पेढी. २०१८ च्या सुमारास वाटा गेम्स नावाच्या कंपनीने हेच गेमच्या खोक्यांना सुरू केलं, दहापैकी मार्क आणि वर सीलला वेगळी ग्रेड, तो कोट्यवधींचा मारिओ ९.८ ए प्लस प्लस होता. २०१९ मध्ये सुपर मारिओ ब्रदर्सची एक कॉपी १ लाख १५० डॉलरला गेली तेव्हा तिघांनी मिळून घेतली होती आणि त्या तिघांत एक होता जिम हॅलपेरिन, हेरिटेजचाच सहसंस्थापक. आता यावर लोक काय बोलले असतील ते तुम्हीच समजा. पुढे लॉकडाऊनमध्ये घरी बसलेल्यांचा पैसा आला, भाव भडकले, मग भाव मुद्दाम फुगवल्याचे आरोप झाले, २०२२ मध्ये वाटावर कोर्टात दावा पण पडला. वाटा आणि हेरिटेज दोघांनीही आरोप फेटाळले. माझं मत विचाराल तर मारिओ ६४ ही लाखोंनी खपलेली वस्तू, तिला दुर्मिळ म्हणणं म्हणजे जरा अतीच.

मारिओ हे टीव्हीला जोडून खेळायचे गेम, कॉम्प्युटरवरचे गेम्स या कोटींच्या शर्यतीत तसे मागेच राहिले, पण पिशवीतल्या जुन्या मालाला हजारो डॉलर मिळतात, आणि जिथे पैसा तिथे डुप्लिकेट आलंच. २०२२ मध्येच मोठ्या खोक्यांचे पीसी गेम जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये एका जुन्या जाणत्या मेंबरवर बनावट माल विकल्याचा आरोप झाला, रक्कम लाख युरोच्या वर. लेबलं स्कॅन करून छापलेली, कडा हाताने कापलेल्या, आणि काही डिस्क तर कोऱ्या. इतकी वर्षं कळलं कसं नाही? कारण चाळीस वर्षं जुनी डिस्क ड्राइव्हमध्ये घालायची कोणाची हिंमतच होत नाही, खराब झाली तर? म्हणजे गेम जमवणाऱ्यांनी गेम उघडूनच बघितला नव्हता.

तरी नाशकात काहीच सापडणार नाही असं पण नाही. कोणाचे काका ऐंशी-नव्वदच्या दशकात अमेरिकेत होते आणि येताना खोक्यासकट ओरिजिनल घेऊन आले असं एखादं घर असू शकतं. तसं असेल तर आतले कागद, नकाशा, रजिस्ट्रेशन कार्ड, फालतू वाटणारी चिठ्ठी सुद्धा तशीच ठेवा, प्लास्टिकचं सील असेल तर फाडू नका, डिस्कवर बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, पावसाळ्यात माळ्यावर तर अजिबात ठेवू नका. आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देण्याआधी एक फोटो मला टाका.