तळातला तक्ता आणि वरचा बेसलाइन बिल्ला

एमडीएनवर, म्हणजे वेब बनवणाऱ्यांच्या संदर्भ-संकेतस्थळावर, सीएसएस किंवा वेब एपीआयचं पान उघडलं की बहुतेक वेळा वर बेसलाइनचा बिल्ला दिसतो (फीचर प्रमुख ब्राउझरांत चालतं का ते सांगणारा) आणि तळाशी ते कुठल्या ब्राउझरात कुठल्या आवृत्तीपासून चालतं त्याचा तक्ता. दोन्ही एकच गोष्ट सांगतात असं धरून पुष्कळ जण बिल्ला बघूनच परत फिरतात. तिथेच घोटाळा होतो.

तक्ता ही कच्ची नोंद. ती बीसीडी, म्हणजे ब्राउझर-कम्पॅट-डेटा, या गिटहबवरच्या रिपॉझिटरीतून (फाइलींच्या सामायिक साठ्यातून) येते. तिथे जेसॉन फाइलींत प्रत्येक ब्राउझरपुढे फीचर कुठल्या आवृत्तीत आलं ते सांगणारं 'व्हर्जन अ‍ॅडेड' असतं. गरजेप्रमाणे 'व्हर्जन रिमूव्ह्ड' (नोंद कुठल्या आवृत्तीपासून लागू नाही), प्रीफिक्स (नावाआधी लागणारा ब्राउझरचा उपसर्ग), फ्लॅग (मुद्दाम चालू करावी लागणारी सेटिंग), टिपा आणि 'पार्शल इम्प्लिमेंटेशन' (फीचर अर्धवटच चालतं) हेही असतं.

बिल्ला हा त्या नोंदींवरून काढलेला निष्कर्ष. डब्ल्यूथ्रीसीच्या वेबडीएक्स कम्युनिटी ग्रुपच्या वेब-फीचर्स प्रकल्पात बीसीडीच्या सुट्या नोंदी एकेका फीचरखाली बांधल्या जातात. मग सात ठिकाणं तपासली जातात: क्रोम व फायरफॉक्स (डेस्कटॉप आणि अँड्रॉइड), डेस्कटॉपवरचा एज, मॅक आणि आयओएसवरची सफारी. शेवटच्या ब्राउझरात फीचर आलं त्या दिवशी ते 'न्यूली अव्हेलेबल' (नव्याने उपलब्ध) होतं आणि तिथून 30 महिन्यांनी 'वाइडली' (सर्वदूर उपलब्ध). सीएसएसचा 'हॅज' सिलेक्टर सफारी 15.4 आणि क्रोम 105 मध्ये 2022 सालीच होता, पण फायरफॉक्स 121 डिसेंबर 2023 मध्ये आला. त्यामुळे 30 महिने डिसेंबर 2023 पासून मोजायचे.

तक्ता आणि बिल्ला यांचं नातं पॉपओव्हर एपीआयमध्ये (पानावर वर उघडणाऱ्या छोट्या चौकटींसाठीच्या) नीट दिसतं. क्रोम 114, सफारी 17 आणि मग एप्रिल 2024 मध्ये फायरफॉक्स 125. आकडे जुळले, फीचर 'न्यूली' ठरलं. पण आयफोनवर पॉपओव्हरच्या बाहेर टॅप केलं तरी तो मिटत नव्हता. बीसीडीत आयओएस सफारीच्या नोंदीवर 'पार्शल'ची खूण पडली आणि बेसलाइनच्या हिशेबात अर्धवट आधार धरत नसल्यामुळे दर्जा मागे घ्यावा लागला. आयओएस 18.3 मध्ये दोष गेला आणि जानेवारी 2025 मध्ये फीचर पुन्हा 'न्यूली' झालं.

अशी चूक आधी का निसटते? एक कारण 'मिरर'. आयओएस सफारी, एज, सॅमसंग इंटरनेट, अँड्रॉइड वेबव्ह्यू (अँड्रॉइड अ‍ॅपच्या आत वेबपान दाखवणारा भाग) यांच्या पुष्कळ नोंदी हाताने भरलेल्या नसतात. मूळ ब्राउझरवरून त्या आपोआप काढल्या जातात. वेळ वाचतो, पण फोनवरचं वागणं वेगळं असलं तर ते झाकलं जातं. दुसरं कारण, बीसीडीसाठी माहिती गोळा करणाऱ्या 'कलेक्टर'सारख्या स्वयंचलित चाचण्या मुख्यतः प्रॉपर्टी किंवा मेथड अस्तित्वात आहे का एवढंच पाहतात. ती नीट चालते का, हे माणसाने लहानसं चाचणी-पान लिहून तपासावं लागतं.

चूक सापडली की बिल्ल्याच्या मागे न लागता बीसीडीतली फाइल दुरुस्त करा. 'मिरर' काढून तिथे अ‍ॅरे लिहायचा: पहिली नोंद पूर्ण आधाराची, 18.3 पासून, तिच्याखाली जुनी, 17 पासून, 'व्हर्जन रिमूव्ह्ड' 18.3, 'पार्शल' ट्रू आणि काय बिघडतं त्याची एका ओळीची टीप. टीप नसलेलं 'पार्शल' वाचणाऱ्याच्या काहीच कामाचं नसतं. मग फाइलीतल्या चुका तपासणारी 'एनपीएम रन लिंट' ही आज्ञा चालवा आणि पुल रिक्वेस्टमध्ये (बदल स्वीकारण्याच्या विनंतीत) चाचणीचं पान किंवा ब्राउझरच्या बगचा दुवा द्या. एमडीएनच्या मजकुरात मात्र आवृत्त्यांचे आकडे लिहू नका. ते शिळे होतात आणि कुणी दुरुस्त करत नाही. पानाच्या फ्रंट मॅटरमध्ये (फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीत) बीसीडीची योग्य की असली की तक्ता आपोआप येतो.

दुरुस्ती मर्ज झाल्यावर तक्ता बीसीडीच्या पुढच्या रिलीजनंतर बदलतो. बिल्ल्याला वेब-फीचर्सच्या रिलीजचीही वाट पाहावी लागते. मधल्या काळात दोन्हींत विसंगती दिसली तर नवा इश्यू उघडू नका.

फ्लेक्सबॉक्स या सीएसएस मांडणीतल्या 'गॅप'साठीही (घटकांमधल्या अंतरासाठी) तक्ताच बघा. 'अ‍ॅट-सपोर्ट्स'ने (ब्राउझरला एखादी गोष्ट कळते का ते विचारणाऱ्या सीएसएस नियमाने) 'गॅप' तपासलं तर ग्रिडमध्ये ते चालणारी जुनी सफारी होकार देते. फ्लेक्सबॉक्समध्ये ते सफारी 14.1 पासूनच चालतं आणि तक्त्यात ही ओळ वेगळी आहे.

तुमची पानं अँड्रॉइड अ‍ॅपच्या आत वेबव्ह्यूत उघडत असतील तर बिल्ल्यावर विसंबू नका, कारण त्या सात ठिकाणांत वेबव्ह्यू नाही. तक्त्यात त्याचा रकाना आहे, पण तिथला आकडाही 'मिरर'मधून आलेला असू शकतो. खरी चाचणी त्या अ‍ॅपमध्येच घ्या.